एक रेल्वे आणि अर्धी बादली

नळ आठवड्याने आले की आपण पाणी मोजून वापरतो. रोज यायला लागले की मोजणं विसरतो. लातूर-नांदेडात घरी, होस्टेलवर नाहीतर रूम करून राहणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी हा थोडासा बादलीचा हिशोब.

१२ एप्रिल २०१६. पहाटे लातूर स्टेशनात एक गाडी येऊन थांबली. त्या गाडीतून एकही पॅसेंजर उतरला नाही, कारण ती गाडी पाण्याची होती. दहा टँकर वाघिणी, प्रत्येकीत साधारण ५० हजार लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर पाणी. राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये या वाघिणी आतून स्वच्छ केल्या, मिरजेत आणून भरल्या आणि सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून त्या लातुरात पोचल्या. गाडीचं नाव ‘जलदूत’. पुढे काही दिवसांतच ५० वाघिणींची गाडी सुरू झाली. एका खेपेला २५ लाख लिटर. हे चक्र ऑगस्टपर्यंत चाललं.

तेव्हा आपल्यातले बरेचजण प्राथमिक शाळेत होते. टीव्हीवर गाडी बघितल्याचं आठवत असेल, रांगेत लावलेली घागर आठवत असेल. पण त्या गाडीचं गणित बहुतेकांनी कधी केलं नसेल. आता करून बघू.

२०११च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार. २५ लाख लिटरला त्या आकड्याने भागा. उत्तर येतं माणशी साडेसहा लिटर. म्हणजे पन्नास वाघिणींची, जिल्हे ओलांडून आलेली अख्खी गाडी शहरात सारखी वाटली, तर एकाच्या वाट्याला अर्धी बादलीसुद्धा येत नाही! पहिल्या दहा वाघिणींचं तर माणशी सव्वा लिटरच. पाण्याच्या एका बाटलीहून थोडं जास्त. अर्थात लातूर फक्त रेल्वेवर जगलं नाही. टँकर होते, बोअर होते, आजूबाजूच्या प्रकल्पांतून आणलेलं पाणी होतं. पण एक धरण आटलं की शहराला पाणी पुरवणं किती महाग, किती अवघड होतं, हे या एका भागाकारातून कळतं.

आणि जुन्या पद्धतीचा फ्लश एकदा दाबला की साधारण १० लिटर पाणी जातं. त्या गाडीतल्या आपल्या वाट्यापेक्षा जास्त.

जमावबंदी, तीही टाकीपाशी

त्या उन्हाळ्यातल्या अजून दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरायच्या ठिकाणी कलम १४४ लावावं लागलं. पाचपेक्षा जास्त लोकांनी तिथे जमायचं नाही, कारण पाण्यावरून भांडणं होण्याची भीती होती. दुसरी गोष्ट क्रिकेटची. मैदानांवर लागणाऱ्या पाण्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या, असा आदेश झाला. मुंबईत ठरलेली फायनल शेवटी बंगळुरूत झाली.

एवढं सगळं का झालं? लातूर शहराचा भरवसा प्रामुख्याने मांजरा धरणावर. हे धरण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या धनेगावला आहे. लागोपाठच्या कमी पावसात ते आटलं आणि दुसरा तेवढा मोठा आधार हाताशी नव्हता. जमिनीखाली शोधावं, तर आपल्या पायाखाली दख्खनचा काळा बेसाल्ट. या खडकात पाणी वाळूसारखं मुरत नाही. भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात जेवढं मावेल तेवढंच. म्हणून बोअर शेकडो फूट खाली जातो आणि तरी कोरडा निघतो.

नांदेडकर म्हणतील, आमच्याकडे गोदावरी आहे की! आहे ना. शहराला लागून विष्णुपुरी प्रकल्प आहे, शंकर सागर जलाशय आहे. पण गोदावरीवर नांदेडच्या आधी पैठणला जायकवाडी आहे, पूर्णा नदीवर येलदरी-सिद्धेश्वर आहेत. वरून पाणी आलं नाही की उन्हाळ्यात विष्णुपुरीतला साठा बघताबघता उतरतो. नदीकाठी राहतो म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

उलटी बाजूही आपण पाहिली आहे. २०२५च्या ऑगस्ट-सप्टेंबरात हाच मराठवाडा पुरात होता. नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यातली गावं पाण्यात गेली. शेतं खरवडून गेली. म्हणजे आपल्याकडे पाऊस येतच नाही असं नाही. तो थोड्या दिवसांत धो धो येतो आणि निघून जातो. मग मधले आठ-नऊ महिने आपण साठवलेल्यावर काढायचे असतात.

“आम्ही वाचवून काय होणार?”

पाणी वाचवा म्हटलं की कट्ट्यावर हा प्रश्न येतोच. आणि तो चुकीचा नाही. राज्यातलं बहुतांश पाणी शेतीला जातं. त्यातही थोड्या क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा घास घेतो. दुष्काळी पट्ट्यात एवढे साखर कारखाने आणि एवढा ऊस का, हा वाद २०१६ मध्येही झाला, अजूनही होतो. आपण दात घासताना नळ बंद केल्याने उसाचं पाणी वाचणार नाही. हे आधी मान्य करूया.

पण शहराचं गणित वेगळं चालतं. धरण खाली गेलं की उरलेलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवतात. त्यानंतर ते किती दिवस पुरणार, हे बऱ्याच अंशी शहर रोज किती उपसतं आणि वाटेत किती गळतं यावर ठरतं. फेब्रुवारीत उधळलेली बादली मे महिन्यात कमी पडते. शिवाय पाणी शुद्ध करून, वीज जाळून, पंपाने टाकीत चढवून आपल्या नळापर्यंत येतं. ते गटारात सोडणं म्हणजे तो सगळा खर्च गटारात सोडणं. उसावर प्रश्न विचारायचेच, निवडणुकीत विचारायचे, ग्रामसभेत विचारायचे. पण तोपर्यंत रूमवरची टाकी ओसंडून वाहू द्यायची, याला काही अर्थ नाही.

आधी मोजा

शहरात नळ आणि भुयारी गटार दोन्ही असतील तर माणशी रोज १३५ लिटर, हे आपल्याकडच्या नियोजनाचं माप आहे. म्हणजे १५ लिटरच्या नऊ बादल्या. गावासाठी जलजीवन मिशनचं माप ५५ लिटर, म्हणजे चार बादल्यांनाही थोडं कमी. आपण नक्की किती वापरतो? कुणालाच माहीत नसतं, कारण आपण भरत नाही. मोटारीचं बटण दाबलं की काम झालं.

म्हणून एक सोपा प्रयोग. नळाखाली १५ लिटरची बादली ठेवा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. बादली भरायला अडीच मिनिटं लागली, तर तुमचा नळ मिनिटाला ६ लिटर सोडतो. आता नळ चालू ठेवून दोन मिनिटं दात घासले, की १२ लिटर गेले. मगमध्ये पाणी घेऊन हेच काम एका लिटरमध्ये होतं. शॉवर साधारण मिनिटाला ८ ते १० लिटर ओततो. सहा मिनिटांची अंघोळ म्हणजे पन्नास लिटरच्या आसपास. बादलीने केली तर एका बादलीत, फार तर दीड बादलीत भागते.

गळका नळ असेल तर त्याच्याखाली लिटरभराचा तांब्या ठेवा. तासाभरात भरला तर दिवसाला २४ लिटर चाललेत. महिन्याला ७२० लिटर! आणि दुरुस्ती काय, तर एक वायसर. ते मालक बदलतील म्हणून सेमिस्टर संपेपर्यंत वाट बघायची गरज नाही. आपणच बदलू शकतो.

चार जणांच्या रूमचं अजून एक गणित. फ्लशची टाकी जुनी, मोठी असेल तर लिटरची प्लास्टिक बाटली वाळू नाहीतर पाण्याने भरून, घट्ट झाकण लावून टाकीत उभी करा. आतल्या यंत्रणेला लागणार नाही एवढं बघा. दर फ्लशला एक लिटर वाचतं. चौघांचे मिळून दिवसाला २० फ्लश धरले तर २० लिटर, महिन्याला ६०० लिटर. विटेचा तुकडा मात्र टाकू नका. तो झिजून आतल्या भागांत अडकतो.

आरओ, कूलर आणि ‘शिळं’ पाणी

आपल्या भागात तीन ठिकाणी पाणी जास्त जातं आणि तिथे लक्ष कमी जातं.

पहिलं, आरओ. घरगुती आरओ एक लिटर पिण्याचं पाणी देताना बरेचदा दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. त्याची पातळ नळी थेट बेसिनमध्ये सोडलेली असते. ती बादलीत सोडा. या पाण्याने फरशी पुसा, संडासात वापरा. त्यात क्षार जास्त असतात, म्हणून कुंड्यांना रोज तेच घालू नका. घातलंच तर साध्या पाण्यात मिसळून, अधूनमधून.

दुसरं, कूलर. नांदेडचा मे महिना कूलरशिवाय निघत नाही, हे खरंच आहे. पण खिडक्या बंद करून कूलर लावला तर खोली दमट होते, गार होत नाही, आणि पाणी मात्र जातच राहतं. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. टाकीचा पाइप लावून झोपून जाऊ नका. सकाळी अंगण भिजलेलं असतं आणि टाकी रिकामी.

तिसरं, शिळं पाणी. आज नळाचा दिवस आहे म्हटलं की घरात पहिलं काम काय होतं? कालपर्यंत जपून ठेवलेलं पाणी ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं. आठ दिवस थेंबथेंब वाचवलेलं पाणी नळ आल्याच्या पाचव्या मिनिटाला मोरीत जातं! झाकून ठेवलेलं पाणी एका रात्रीत शिळं होत नाही. पिण्यासाठी नको वाटत असेल तर कपडे भिजवा, गाडी पुसा, झाडांना घाला.

पण एक काळजी घ्यायचीच. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यातून डास व्हायला साधारण आठवडा पुरतो. म्हणून ड्रम, हौद, रांजण घट्ट झाकलेले हवेत आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून, आतून घासून, सुकवून मगच भरायचे. त्या दिवशी काढलेलं पाणीही वापरूनच संपवायचं.

कुंडीपासून परसापर्यंत

पाणीटंचाई आली की पहिल्यांदा बळी जातो झाडांचा. पण झाडांना बहुतेक वेळा आपण गरजेपेक्षा जास्त पाणी देतो, तेही चुकीच्या वेळी. दुपारी बाराला पाइप धरला तर बरंचसं पाणी वाफ होऊन जातं. सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर घाला. घालायच्या आधी बोट मातीत दोन पेरं खोल घाला. ओल लागली तर आज सुट्टी.

आळ्यात आणि कुंडीत वाळका पालापाचोळा, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या, भुईमुगाची टरफलं यांचा दोन-तीन बोटं जाड थर द्या. शेतकरी याला आच्छादन म्हणतात. माती उन्हात उघडी राहत नाही, त्यामुळे ओल टिकते. आणि आपल्याकडे झाडलेला पाचोळा जाळायची जी सवय आहे, तीही यातून सुटते.

मोठ्या झाडासाठी मडकं पुरा. साधं, न रंगवलेलं मातीचं मडकं झाडाच्या बाजूला गळ्यापर्यंत गाडायचं, पाण्याने भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. मडक्याच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं आणि आजूबाजूची माती कोरडी होईल तसं ओढलं जातं. म्हणजे मुळाला हवं तेवढंच पाणी जातं. ऑइल पेंटने रंगवलेलं मडकं चालणार नाही, छिद्रं बुजलेली असतात. मडकं नसेल तर बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून ती उलटी टांगा. झालं घरगुती ठिबक.

भाजी, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी थेट कुंडीत जाऊ शकतं. मेसच्या मावशींना विचारून बघा, त्यांच्याकडे रोज बादलीभर तरी निघत असेल. कपड्यांच्या साबणाचं पाणी मात्र पालेभाजीला नको. आपल्या आज्यांनी न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू लावला होता, तो उगाच नाही. सांडपाणी वापरात येत होतं आणि पाठीमागे चिखलही होत नव्हता.

आणि झाडं निवडतानाच विचार केला तर अर्धं काम होतं. शेवगा, कढीपत्ता, कोरफड, सदाफुली, मोगरा ही मंडळी एकदा रुजली की आपल्या उन्हात टिकतात. लॉन मात्र रोज पाणी मागतं. कॉलेजच्या दर्शनी भागातल्या लॉनवर भर दुपारी स्प्रिंकलर फिरत असेल, तर प्राचार्यांना एक अर्ज द्यायला काय हरकत आहे?

नांदेडने दाखवलेला खड्डा

वापरलेल्या पाण्याचं काय करायचं, याचं उत्तर नांदेड जिल्ह्यानेच दिलं आहे. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घराघरांत शोषखड्डे केले. सांडपाणी रस्त्यावर यायचं थांबलं, गटारं उरली नाहीत आणि डासही गेले. मग नांदेड जिल्हा परिषदेने रोजगार हमीतून हे काम गावोगाव नेलं आणि ‘नांदेड पॅटर्न’ हे नाव पडलं.

खड्डा साधाच आहे. साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल. मधोमध सिमेंटची टाकी, तिच्या वरच्या भागात चार बाजूंनी भोकं. टाकीभोवती दगड आणि खडी. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी पाइपने टाकीत येतं, गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी भोकांतून बाहेर पडून दगडांमधून जमिनीत मुरतं. वरून झाकलेलं, म्हणून डासाला जागा नाही. गाळ अधूनमधून काढायचा. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही आणि पिण्याच्या विहिरीपासून, बोअरपासून खड्डा लांब ठेवायचा. एनएसएसच्या सात दिवसांच्या कॅम्पमध्ये आपण भिंती रंगवतो, प्रभातफेरी काढतो. त्याच सात दिवसांत दहा मुलांनी दोन-तीन खड्डे तरी पूर्ण केले, तर गावात काहीतरी मागे राहील.

छताचं पाणीही असंच. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. ५०० चौरस फुटांचं छत म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला वीस टक्के वाया गेला असं मानलं, तरी सुमारे २६ हजार लिटर हाती येतं. पहिल्या एक-दोन पावसांत छत धुऊन निघू द्या. नंतरचं पाणी जाळी आणि वाळू-खडीच्या गाळणीतून टाकीत नाहीतर बोअरच्या पुनर्भरणाला सोडा. आता हेच गणित तुमच्या कॉलेजच्या बिल्डिंगला लावा. भूगोल नाहीतर सिव्हिलच्या कुणाला तरी प्रोजेक्टचा विषय हवाच असतो.

पाणी भरतं कोण?

लातूरमध्ये २०१६ मध्ये लोकांनी वर्गणी काढून मांजरा नदीतला गाळ उपसला. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी पाऊस चांगला झाला, धरणात पाणी आलं, आणि हळूहळू आपण पुन्हा बटण दाबायला लागलो. हे फक्त लातूरचं नाही, सगळीकडे असंच होतं.

पण एक माणूस कधीच विसरत नाही. घरात पाणी भरतो तो. आपल्याकडे ते काम बहुतेक वेळा आईचं, बहिणीचं, वहिनीचं असतं. नळ पहाटे चारला आले तर त्या चारला उठतात. टँकर आला की कळशी घेऊन त्याच पळतात. त्यांना एका बादलीचं वजन माहीत असतं, म्हणून त्या भाजीचं पाणी तुळशीला घालतात आणि कपड्यांचं पाणी फरशीला. आपण मुलं शॉवरखाली गाणं म्हणतो, कारण ते पाणी आपण उचललेलं नसतं. १५ लिटरची बादली म्हणजे १५ किलो वजन. दोन मजले चढवून बघा!

म्हणून जागतिक जल दिनाला, २२ मार्चला, स्टेटस ठेवण्यापेक्षा एक आठवडा वेगळा घालवूया. रूमवर पाणी भरायची पाळी लावा आणि दारामागे एक कागद चिकटवा. कुणी किती बादल्या घेतल्या, त्याच्या नावापुढे रेघ मारायची. घरी असाल तर आठवडाभर नळाच्या वेळेला तुम्ही उठा, आईला झोपू द्या. मुलग्यांनी तर नक्कीच. सातव्या दिवशी कागदावरच्या रेघा मोजा. कुठे कमी करायचं ते कुणी सांगायची गरज पडणार नाही, तोपर्यंत हात दुखायला लागलेले असतील.